लेखनकलेची पुस्तकं कधी वाचायची, आणि हातात काय धरून

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मराठवाड्यातल्या जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवता, कथा लिहिता, जोडीला पेन्सिलने चित्रं काढता. गेल्या दोन वर्षांत लेखनावरची आणि चित्रकलेवरची आठ-नऊ पुस्तकं वाचून काढली, काही मराठी, बरीचशी इंग्रजी. दोन वह्या टिपणांनी भरल्या. तरी हातातली प्रत्येक कथा तिसऱ्या पानावर येऊन थांबते. आता पुढचं पुस्तक कोणतं घ्यावं, का हा नादच सोडून द्यावा?

नाद सोडू नका, पण पुढचं पुस्तकही सध्या घेऊ नका. तुमच्या प्रश्नात वाचलेल्या पुस्तकांची नावं आहेत, वहीत काय उतरवलं तेही आहे. त्यातलं एखादं प्रकरण स्वतःच्या एखाद्या कथेला लावून पाहिल्याचा मात्र कुठेच उल्लेख नाही. वाचन एकीकडे चाललंय, लेखन दुसरीकडे, आणि दोघांची गाठ पडत नाही. नव्याने लिहिणाऱ्यांच्या हस्तलिखितांत ही अडचण मला सगळ्यांत जास्त दिसते, आणि मन लावून वाचणाऱ्यांच्यात ती अधिकच असते. न वाचणारा अडला की काहीतरी लिहून पुढे सरकतो. वाचणाऱ्याला अडल्याबरोबर पाच नियम आठवतात आणि पेन तिथेच राहतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. आजवर एकही कथा शेवटापर्यंत गेली नसेल, तर आधी एक कथा कशीही करून पूर्ण करा. फसलेला शेवट असलेली पूर्ण कथा अभ्यासाला उपयोगी पडते. झकास सुरुवातीची अर्धी कथा पडत नाही, कारण बांधणीतला दोष शेवट समोर असल्याशिवाय ओळखू येत नाही. चार-पाच कथा पूर्ण असतील तर खालचं सगळं आजपासून लागू आहे. वेळेचंही तसंच. रोज अर्धा तास मिळत असेल तर तो सगळा लिहिण्याला द्या आणि पुस्तक रविवारी उघडा. घरी शेती असेल तर सोयाबीन काढणीच्या धांदलीत नवा खर्डा सुरू करू नका, जुना तपासायला घ्या. तपासणी तुकड्यातुकड्यांनी जमते, पहिला खर्डा जमत नाही.

अशा पुस्तकांकडून अपेक्षा किती ठेवायची, याचं मला पटलेलं सर्वांत नेमकं उत्तर जुनं आहे. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात काव्य कशातून निपजतं हे सांगताना तीन गोष्टी धरल्या: अंगची शक्ती, म्हणजे प्रतिभा; लोकव्यवहार, शास्त्रं आणि काव्यं पाहून आलेली निपुणता; आणि काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणीखाली केलेला अभ्यास. हे तीन वेगवेगळे हेतू (म्हणजे कारणं) नसून तिन्ही मिळून एकच हेतू होतो, हेही त्याने स्पष्ट केलं आहे. आता लेखनकलेचं पुस्तक यात कुठे बसतं ते बघा. तिघांपैकी एक निपुणता, तिच्या तीन वाटांपैकी एक शास्त्र, आणि त्या शास्त्रातलाही हा एक कोपरा. तुमची दोन वर्षं त्या एका कोपऱ्यात गेली. लोकव्यवहार म्हणजे तुमच्यासाठी मोंढा, आठवडी बाजार, बसस्थानक, शाळेची पालकसभा. काव्य म्हणजे प्रत्यक्ष कथा, कविता, कादंबऱ्या. माझा हिशोब असा की लेखनकलेच्या एका पुस्तकामागे निदान दोन कथासंग्रह सावकाश वाचून झाले पाहिजेत, नाहीतर पुस्तकातला नियम पारखायला तुमच्याकडे मालच नसतो.

आता वेळ. पहिला खर्डा होईपर्यंत ही पुस्तकं बंद. बाराशे ते पंधराशे शब्दांची कथा चार-पाच बैठकांत उरकावी, रोज जिथे थांबलात तिथे उद्याच्या पहिल्या वाक्याची खूण लिहून ठेवावी आणि मागचं दुरुस्त करायला जाऊ नये. पहिल्या खर्ड्यात मन पुढचं सुचवत असतं. त्याच वेळी मागून कुणीतरी तपासत बसलं की सुचणं आटतं. खर्डा झाला की दोन आठवडे बाजूला ठेवा. पुस्तकाची पाळी त्यानंतर.

दोन आठवड्यांनी कथा काढली की वाचत सुटू नका. परिच्छेदांना क्रमांक द्या. वेगळ्या कागदावर प्रत्येक परिच्छेदासाठी एक ओळ लिहा: वेळ आणि जागा कोणती, कोण काय करतं, आणि वाचकाला या परिच्छेदात नवं काय कळलं. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. सलग तीन परिच्छेदांत ‘कोण काय करतं’ हा रकाना रिकामा राहिला तर कथा तिथेच थांबलेली असते, तुम्हाला ते पुढे पानभराने जाणवतं.

तिसऱ्या पानावर अडणाऱ्या कथांत मला तीनच कारणं पुन्हापुन्हा आढळतात. पहिलं, पार्श्वभूमी सगळी पहिल्या दोन पानांत सांगून टाकलेली असते: घराणं, जमिनीची वाटणी, आधीचं भांडण, मुलीचं मोडलेलं लग्न. लेखकाजवळ पुढे सांगण्यासारखं काही उरतच नाही. यावर साधा उपाय आहे. पहिल्या दोन पानांतलं जे भूतकाळातलं आहे ते सगळं कापून वेगळ्या कागदावर ठेवा आणि कथा पुढे लिहू लागा; त्यातलं जे लागेल तेवढंच, लागेल तेव्हा, एकेका वाक्याने आत घ्या. बरंचसं लागत नाही.

दुसरं कारण आपल्या भागाच्या लेखनात विशेष दिसतं, म्हणून जरा थांबून सांगतो. दुष्काळ, कर्ज, नापिकी, पाण्याचे हाल हे विषय आपल्याजवळ इतके तयार असतात की परिस्थिती मांडली म्हणजे कथा झाली असं वाटू लागतं. परिस्थिती माणसावर कोसळत राहते, माणूस सोसत राहतो, आणि सोसण्याला पुढचं पाऊल नसतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ही घटना खरी आणि मोठी. पण ती बातमी आहे. कथा सुरू होते ती रांगेतली एक बाई ठरवते तिथे: शेजारणीची घागर आपल्या पुढे घ्यायची का नाही. तिला काहीतरी हवं आहे, ते मिळवायला काहीतरी मोडावं लागणार आहे, आणि ठरवायला वेळ थोडा आहे. तुमच्या कथेतल्या मुख्य माणसाला आज संध्याकाळपर्यंत काय हवं आहे, हे एका वाक्यात लिहून बघा. ‘त्याला सुखाने जगायचं आहे’ असं वाक्य आलं तर ते मोठं आहे, हाताला लागणार नाही. ‘त्याला सोसायटीच्या सचिवाकडून आजच्या आज एक सही हवी आहे’ हे चालतं. त्याच्यावर चार पानं सहज उभी राहतात.

तिसरं कारण किरकोळ. कथा उगीच लवकर सुरू होते: पहाट, कोंबडा, चूल, चहा. पहिला परिच्छेद काढून टाकून वाचा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

दोष कोणता ते कळलं की मग पुस्तक उघडा, आणि सगळं नव्हे, अनुक्रमणिका बघून त्या दोषाबद्दल बोलणारं एकच प्रकरण. पंधरा-वीस पानं असतील. एकदा सरळ वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल न घेता वाचा; रेघा मारल्या की समजल्याचं समाधान मिळतं आणि काम तिथेच संपतं. मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत तीन ओळी लिहा. लेखकाचा दावा काय आहे? मी वाचलेल्या कोणत्या कथेत तो खरा ठरतो आणि कोणत्या कथेत ठरत नाही? माझ्या तिसऱ्या पानावर त्याने काय बदलेल? तिसरी ओळ लिहिता आली नाही तर ते प्रकरण तुम्हाला आज उपयोगाचं नाही. लिहिता आली तर तो बदल त्याच दिवशी करा, पुढचं प्रकरण उघडायच्या आधी. तुमच्या त्या दोन वह्या अशा कामाला लावा: डाव्या पानावर दावा, उजव्या पानावर तुमचा परिच्छेद आधी कसा होता आणि बदलल्यावर कसा झाला. बदललेला परिच्छेद वाईट झाला असेल तरी तो तसाच चिकटवून ठेवा. नियम कुठे लागत नाही हे कळणंही शिकणंच आहे.

एका वेळी दोन पुस्तकं चालू ठेवू नका. एक म्हणेल आधी आराखडा करा, दुसरं म्हणेल आराखडा केला की कथा मरते. दोन्ही लिहिणाऱ्यांचा अनुभव खराच असतो, कारण प्रत्येकाने आपल्या स्वभावाला जमलेली पद्धत सांगितलेली असते. तुमच्यासाठी पारख अशी: शेवट आधी सुचला असेल तर सात-आठ ओळींचा आराखडा करा, वाट चुकत नाही. फक्त एखादा माणूस किंवा प्रसंग सुचला असेल तर आराखडा करू नका. अशा वेळी तो ओढूनताणून होतो आणि कथा त्याच्या मागे फरफटते.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. तुमची बरीचशी पुस्तकं इंग्रजी आहेत, आणि त्यांतले भाषेबद्दलचे नियम इंग्रजी भाषेला पाहून केलेले आहेत. ते मराठीत जसेच्या तसे उतरवले की लेखन बिघडतं. कर्मणी वाक्यरचना टाळा, कर्तरी वापरा, हा त्यांतला लाडका नियम. मराठीत सकर्मक क्रियापदाचा साधा भूतकाळ बहुतेक कर्मणीतच चालतो: ‘तिने भाकरी थापली’, ‘त्याने बैल सोडले’. हे टाळायला गेलात तर बोलताच येणार नाही. मराठीत टाळायचं असतं ते वेगळं, कार्यालयीन भाषांतरातून आलेलं ‘त्याच्याकडून बैल सोडले गेले’. तुमच्या वहीतला नियम खोडून त्याजागी हे लिहा.

क्रियाविशेषणं कापा, हा दुसरा. ‘ती दुःखाने म्हणाली’, ‘तो रागाने ओरडला’ यांतलं ‘दुःखाने’, ‘रागाने’ खुशाल कापा. संवाद नीट असेल तर ते फुकट असतं. पण ‘गपकन’, ‘भसकन’, ‘टकामका’, ‘हळूच’ यांना हात लावू नका. मराठीत क्रियेचा वेग, आवाज आणि आकार या शब्दांत असतो. ‘तो बसला’ आणि ‘तो मटकन बसला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीत त्याचे पाय गेलेले आहेत.

सांगू नका, दाखवा, हा तिसरा, आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा. कीर्तनातली आख्यानं, व्रताच्या कहाण्या, पारावरच्या गप्पा या सगळ्या सांगण्याच्या परंपरेत आपण वाढलो. नीट सांगता येणं हे मराठी गद्याचं जुनं बळ आहे. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, यासाठी जवळ ठेवा. म्हाइंभटांनी चक्रधरांचा सहवास लाभलेल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतल्या. एकेक लीळा, म्हणजे आठवणीतला प्रसंग, काही ओळींची: जागा कोणती, कोण आलं, काय बोलणं झालं. वर्णन जवळजवळ नाही, भावना सांगितलेली नाही, तरी माणूस डोळ्यांसमोर येतो, कारण निवडलेला तपशील नेमका आणि बोलणं खरं. पैठण, बीड, वेरूळ अशी आपली ओळखीची ठिकाणं त्यात भेटतात. त्यातल्या दहा लीळा वाचा आणि प्रत्येकीत सांगितलेलं किती, दाखवलेलं किती ते मोजा. मग नियमाची मराठी आवृत्ती तुमची तुम्हालाच करता येईल. मी तरी ती अशी करतो: काळ ओलांडायचा असेल तिथे सांगा, निर्णय होतो तिथे दाखवा. ‘पुढची तीन वर्षं तो पुण्याला होता’ हे दाखवत बसायची गरज नाही. तो पुण्याला जायचं ठरवतो ती रात्र सांगून उरकली तर कथा गेली.

बोलीबद्दल इंग्रजी पुस्तकं तुम्हाला काहीच सांगणार नाहीत, म्हणून दोन ओळी. बोली संवादात ठेवायची का निवेदनातही आणायची, हे पहिल्या पानावर ठरवा आणि मग बदलू नका. ‘यायलो’ आणि ‘येऊलालो’ ही दोन्ही रूपं मराठवाड्यातली, पण एकाच माणसाच्या तोंडी ती आलटूनपालटून आली की जाणता वाचक लगेच थबकतो. प्रत्येक शब्दाचा उच्चार लिपीत उतरवायचा हट्टही धरू नका. क्रियापदाची रूपं आणि चार-पाच नेहमीचे शब्द, ‘काहून’, ‘लई’, ‘हाव’, एवढ्याने आवाज उभा राहतो. जास्त झालं की वाचणाऱ्याला अक्षरं लावत बसावं लागतं.

एवढ्यावर जरा मागे वळून: आधी खर्डा, मग दोन आठवडे विश्रांती, मग परिच्छेदांचा तक्ता, मग एकच दोष, एकच प्रकरण, त्याच दिवशी बदल, आणि भाषेचा प्रत्येक नियम मराठी गद्यावर घासून मगच वहीत. पुढचं पुनर्लेखनाबद्दल.

पुनर्लेखनावर राजशेखर या संस्कृत कवीच्या ‘काव्यमीमांसे’तलं एक प्रकरण आजच्या कित्येक पुस्तकांपेक्षा उपयोगी आहे. साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ. कवीचा दिवस कसा असावा हे त्यात प्रहरांनुसार सांगितलं आहे: सकाळी विद्यांचा अभ्यास, मग रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी, म्हणजे काव्यावरची चर्चा, आणि चौथ्या प्रहरी सकाळी रचलेल्याचं परीक्षण. कारणही दिलं आहे: रचना करताना माणूस रसाच्या आवेशात असतो, तेव्हा पारखणारी दृष्टी त्याच्याजवळ नसते, म्हणून नंतर तपासावं. तपासताना करायच्या गोष्टी चार. जास्तीचं टाकणं, उणं असेल ते भरणं, चुकीच्या जागी असलेलं हलवणं, आणि विसरलेलं आठवून जोडणं.

हे चार वाचनांत करा, एका वाचनात नको, आणि याच क्रमाने. पहिल्या वाचनात फक्त काढा. पंधराशे शब्दांतून दीडशे ते दोनशे शब्द जातातच: एकाच अर्थाची जोडविशेषणं, परिच्छेदाच्या शेवटी त्याच परिच्छेदाचा अर्थ सांगणारं वाक्य, ‘जणू काही’ने सुरू होणाऱ्या तीनपैकी दोन उपमा. दुसऱ्या वाचनात उणं शोधा, आणि हे अनोळखी वाचकाच्या डोळ्यांनी करा: ही बाई कोण, वय काय, ही संध्याकाळ आहे का सकाळ, हे घर गावात आहे का शेतात. तुम्हाला ठाऊक असतं म्हणून ते कागदावर आलेलं नसतं. या वाचनासाठी दुसऱ्या कुणाला कथा मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. तो अडखळेल तिथे खूण करा, त्याला कारण विचारू नका. तिसऱ्या वाचनात जागा बदला. परिच्छेदांचा तक्ता इथे पुन्हा लागतो. कागद कापून पट्ट्या करा आणि सतरंजीवर मांडून बघा. सगळ्यांत जास्त वेळा शेवटून दुसरा परिच्छेद खरा शेवट निघतो. चौथं वाचन सर्वांत अवघड: लिहायला बसलात तेव्हा जी एक गोष्ट लिहायची होती ती आत आली का? पुष्कळदा ती बाहेरच राहिलेली असते, कारण वाटेत दुसरं चांगलं सुचत गेलं. म्हणून खर्डा सुरू करताना ती एका ओळीत लिहून पाकिटात बंद करून ठेवा आणि या टप्प्यावर उघडा.

क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. आधी भरलं आणि मग काढलं तर नव्याने आलेलं ताजं असतं म्हणून आवडतं, आणि जुनं कामाचं कापलं जातं.

हाताने उतरवून काढण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शास्त्राच्या पुस्तकांपेक्षा लवकर फळ देणारी ही गोष्ट आहे. पैठणला एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून, पाठ ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. एकेका शब्दापाशी ‘इथे हाच का, दुसरा का नाही’ असं विचारत केलेलं हे वाचन. आपण ते छोट्या प्रमाणावर करू शकतो. आवडत्या कथेतला तीनशे शब्दांचा तुकडा घ्या, वाक्य पूर्ण वाचा, पुस्तक झाका, आठवून लिहा, मग ताडा. जिथे तुमचा शब्द मूळापेक्षा वेगळा पडला तिथे खूण करा. अशा दहा-बारा खुणांतून तुमच्या सवयी दिसतात: तुम्ही क्रियापद कुठे घालता, विशेषण कधी चढवता, लांब वाक्य कधी तोडता. धोका एकच आहे. त्या लेखकाचा सूर तुमच्या कथेत झिरपतो. म्हणून उतरवणं संध्याकाळी करा आणि स्वतःचं लेखन सकाळी, आणि पाठोपाठ एकाच लेखकाचे तुकडे घेऊ नका.

चित्रकलेच्या पुस्तकांचा नियम सोपा आहे: त्यातला मजकूर वाचून होत नाही, सराव केला तरच ते वाचलं. एका सरावाला वीस मिनिटं आणि निदान पाच कागद द्या, मग पान उलटा. कागदाकडे न बघता वस्तूची कडा डोळ्याने चालत जाऊन रेघ काढणं, आणि छापील चित्र उलटं ठेवून त्याची नक्कल करणं, हे दोन सराव तुमच्या पुस्तकांत असतीलच. पहिल्यात घाई होते. डोळा सुटतो आणि हात आठवणीतला आकार काढू लागतो. डोळा आणि पेन्सिल एकाच वेगाने, मुंगीच्या चालीने न्यायची. दुसऱ्यात तोंड आलं, हात आला असं मनात नाव घेतलं की चुकतं, म्हणून वरून खाली पट्ट्यापट्ट्याने जा.

तुम्ही मराठवाड्यात आहात, तर ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तलं चित्रसूत्र, म्हणजे चित्रकलेवरचा भाग, वाचा आणि ते घेऊन अजिंठ्याला जा. वज्र राजाला मूर्ती घडवण्याचं शास्त्र शिकायचं असतं; मार्कंडेय ऋषी त्याला म्हणतात, त्यासाठी चित्र यायला हवं, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. लिहिणाऱ्याने आणि चित्र काढणाऱ्याने दुसऱ्या कलेकडे का बघायचं, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्यातच छायेच्या पद्धती सांगितल्या आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांची, ठिपक्यांची आणि अगदी बारीक अशी तिसरी. घरी एकच मडकं तीनदा काढून तिन्ही करून बघा. मग पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतली चित्रं बघताना रंग कमी आणि रेघ जास्त दिसू लागेल. ही चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे घातलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती असे रंग. निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, दुरून आणलेला. हे ठाऊक असलं की एका चेहऱ्याची कडा इतकी ठाम का आहे आणि निळा इतका जपून का वापरलाय, असे प्रश्न पडतात. लेणी सोमवारी बंद असतात. आत उजेड मंद असतो, त्यामुळे डोळ्यांना दहा मिनिटं द्या आणि एका फेरीत एकाच भिंतीवर थांबा.

राहिला प्रश्न कोणतं पुस्तक. वरची पद्धत दोन-तीन कथांवर करून झाली की मग मराठीतली घ्या. ना. सी. फडके यांचं १९३१ सालचं ‘प्रतिभासाधन’ तंत्राबद्दल निःसंकोच बोलतं, म्हणून उपयोगी आहे. पण त्या काळची कथा समोर ठेवून वाचा आणि लगेच नंतर १९४५ पुढची नवकथा वाचा, म्हणजे त्यातले कोणते नियम पुढच्या लेखकांनी मोडले आणि मोडून काय मिळवलं ते कळेल. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचं ‘धार आणि काठ’ मराठी कादंबरीवर आहे. त्यात तंत्राचे धडे नाहीत, पण एखादी कृती कुठे कमी पडली हे कारणासकट कसं सांगायचं ते त्यातून शिकता येतं. कविता लिहीत असाल तर सुधीर रसाळांचं ‘कविता आणि प्रतिमा’ घ्या, आणि ते हळू वाचा, महिन्याला एक प्रकरण पुरे. लेखकांची पत्रं, रोजनिश्या, आत्मपर टिपणं ही पुस्तकं मात्र खर्डा चालू असताना वाचायला हरकत नाही. ती नियम सांगत नाहीत, सोबत करतात, आणि चौथ्या बैठकीत मन खचतं तेव्हा त्यांची गरज असते.

विकत घ्यायची घाई करू नका. तालुक्याच्या आणि परभणीच्या सार्वजनिक वाचनालयांत फडके-कुरुंदकर सापडायची शक्यता चांगली आहे. संस्कृत ग्रंथांची भाषांतरं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत विचारा, शाळेचं पत्र सोबत असू द्या. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, आणि मराठी विश्वकोशही ग्रंथालयात न जाता मोबाइलवर वाचता येतो. रस, ध्वनी (म्हणजे काव्यातून सूचित होणारा अर्थ), कथानक, लघुकथा या विषयांवरच्या नोंदी त्यात आधी वाचा. प्रत्येक नोंद काही पानांचीच आहे, आणि पुढे कोणतं जाड पुस्तक खरोखर लागणार आहे ते त्यावरून ठरवता येतं.